दही जांभळं, व्हिनेगर गुलाबी

यावेळी ग्रॅम रंगणासाठी (जिवाणू रंगवून भिंतीवरून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत) दही आणि द्राक्षाचं व्हिनेगर एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी घेतलं. व्हिनेगर घरचंच, दिंडोरीकडच्या द्राक्षांचं. वर धरलेल्या सायीखालचा गढूळ थेंब उचलला. दही मात्र पाण्यात भरपूर पातळ करा, नाहीतर केसीन (दुधातलं प्रथिन) रंग धरून बसतं आणि काही म्हणता काही दिसत नाही.

क्रम नेहमीचाच: क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग), आयोडीन (तो पक्का करायला), अल्कोहोल (तो धुवायला), सॅफ्रानिन (गुलाबी रंग). सगळी मेख अल्कोहोलमध्ये. स्लाइड तिरपी धरून थेंब थेंब सोडायचं, ओघळणारा जांभळा रंग थांबला की लगेच पाण्याखाली. दोन्ही नमुने एकत्र असले की दह्याला कमी, व्हिनेगरला जास्त अशी शंका उरत नाही.

ऑइल इमर्शनखाली (तेलाच्या थेंबातून बघायचं भिंग) दह्याच्या बाजूला स्ट्रेप्टोकॉकसच्या माळा आणि लॅक्टोबॅसिलसच्या लांब काड्या, गडद जांभळ्या. पलीकडे व्हिनेगरमधल्या ॲसिटिक जिवाणूंच्या आखूड, गुलाबी काड्या. दह्यातल्या जिवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकनचे (शर्करांच्या साखळ्यांची जाळी) थरावर थर, त्यांत टायकोइक ॲसिड गुंतलेलं. ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळ्या राहणाऱ्या जिवाणूंच्या भिंतीची जाडी साधारण २० ते ८० नॅनोमीटर धरतात. अल्कोहोलने ती आक्रसते आणि व्हायोलेट-आयोडीन आतच अडकतं. ॲसिटिक जिवाणूंचं पेप्टिडोग्लायकन जेमतेम काही नॅनोमीटर, त्यावर मेदाचं बाह्यपटल. अल्कोहोल त्या पटलाचीच वाट लावतं, मग रंग कसला टिकतोय! १८८४ मध्ये हान्स क्रिश्चियन ग्रॅमने ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा भिंतीची ही रचना कुणालाच ठाऊक नव्हती. सॅफ्रानिनही त्याचं नव्हे, ते मागाहून आलं.

व्हिनेगरच्या बाजूला मधूनच टपोरे जांभळे गोळे दिसले. ते यीस्ट. त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन औषधालाही नाही, ग्लुकन आणि मॅनोप्रोटीन असतं; पण भिंत जाड, म्हणून रंग धरते. तेव्हा नुसत्या रंगावरून ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ लिहून मोकळे होऊ नका, आकारमान बघा.

आता अंड्याचा पांढरा बलक वापरून बघणार आहे. त्यातलं लायसोझाइम पेप्टिडोग्लायकनच्या साखळीतल्या दोन शर्करांमधला बंध तोडतं, म्हणजे भिंत ढासळून दह्यातले जिवाणूही गुलाबी दिसायला हवेत. वाइन करणारे लॅक्टिक जिवाणू आवरायला हेच वापरतात. यीस्टला आणि ॲसिटिक जिवाणूंना त्याचं काही वाटत नाही. दह्यातलेही सगळेच दाद देतील असं नाही, काही लॅक्टोबॅसिलस चिवट असतात. दही ताजंच घेईन, कारण जुन्या दह्यातले मेलेले जिवाणू तसेही गुलाबी दिसतात आणि श्रेय फुकट बलकाला जातं. शेजारी बिनबलकाचा डाग हवाच.