सर, मोडेम आणि ऑफिसातला फोन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असं पत्र संपादक मंडळाकडून आलं. विषय भलामोठा आहे. मी एकाच माणसाबद्दल लिहिणार आहे, तेव्हा बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणित, भूगोल, संस्कृत सगळं इथेच शिकलो, थोडंफार लक्षातही आहे. पण आज ज्या कामावर माझं पोट भरतं ते मला जिन्याखालच्या संगणकाच्या खोलीत, शाळा सुटल्यावर मिळालं. कुठले सर हे वेगळं सांगायला नको. त्या खोलीत दुसरे सर नव्हतेच.

मी नववीत असतानाची, म्हणजे १९९९-२००० सालची गोष्ट. सरांनी खोलीतल्या एका संगणकावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, चढवलं होतं. त्याचं २.२ कर्नल, म्हणजे गाभा, तेव्हा नवीन होतं. ‘याचा सोर्स कोड उघडा आहे, कोणीही वाचावा,’ हे सर इतक्या अभिमानाने सांगायचे की जणू कोड त्यांनीच लिहिलाय. अडचण एकच होती: त्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. शेजारच्या विंडोजच्या मशीनमध्ये नवंकोरं मोडेम कार्ड होतं, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेवरून बोलायला लावणारं. सरांनी ते काढून लिनक्सच्या मशीनमध्ये बसवलं आणि काहीच झालं नाही. सेटसिरीअल हा आदेश देऊन पोर्ट तपासला की उत्तर यायचं ‘अननोन’.

आम्हाला वाटलं कार्ड खराब. सरांनी ते पुन्हा बाहेर काढलं, खिडकीपाशी नेलं आणि आमच्यासमोर धरलं. ‘मोजा, यावर किती चिप आहेत?’ जेमतेम दोन-चार. ‘मग मोडेमचं काम करतं कोण?’ कोणालाच सांगता येईना. फोनच्या आवाजातून आकडे वेगळे करायचं काम या कार्डात होतच नाही, ते संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेलं असतं, आणि ते कसं करायचं हे फक्त कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ठाऊक असतं. म्हणून असल्या कार्डाला विनमोडेम म्हणायचे. पुढे काही कार्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर आले, पण त्यांचाही मुख्य भाग बहुधा बंदच असायचा. सर एवढंच म्हणाले, ‘हा अर्धा मोडेम आहे. आपल्याला अख्खा पाहिजे.’

अख्खा मोडेम आला तो एका पालकांच्या ऑफिसातून. भंगारात निघालेला. बाहेरून जोडायचा, वहीएवढा डबा, पुढे लाल दिव्यांची रांग, मागे पंचवीस भोकांचं सॉकेट. वेग ३३.६, म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिट. तोवर ५६ चे मोडेम निघाले होते, त्यामुळे आमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं. सरांनी मात्र फडक्याने डबा पुसून टेबलावर ठेवला आणि दिव्यांखालची बारीक अक्षरं आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावली. एमआर म्हणजे मोडेम तयार, एसडी म्हणजे संगणकाकडून मोडेमला काही आलं, आरडी म्हणजे मोडेमकडून संगणकाला गेलं, ओएच म्हणजे फोन उचललाय, सीडी म्हणजे पलीकडच्या मोडेमशी जुळलंय. ‘बटणं नंतर दाबा. आधी हा काय सांगतोय ते बघा,’ हे सरांचं पालुपद.

संगणकाच्या मागे सिरीअल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी सॉकेटं, असायची. पहिल्यावर माउस होता, म्हणून मोडेम दुसऱ्यावर. लिनक्समध्ये मोजणी शून्यापासून, त्यामुळे विंडोजचा कॉम-दोन इथे टीटीवाय-एस-एक होतो. मशीन चालू होताना संदेश सरसर वर जायचे. त्यातली पोर्टची ओळ सरांनी थांबवून दाखवली. पत्ता, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची खूण) क्रमांक ३, आणि शेवटी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचं नाव, १६५५०ए. ही चिप सोळा अक्षरं साठवून ठेवू शकते, आधीच्या चिपमध्ये एकच मावायचं; प्रोसेसर जरा दुसरीकडे वळला की पुढचं अक्षर हरवायचं. हे सगळं मोडेम जोडण्याआधी! आमचा धीर सुटत चालला होता, सरांचा नाही.

आता फोनची लाइन. ती ऑफिसात. हेडसरांची परवानगी, शिपाईमामांची शिडी आणि व्हरांड्यातून नेलेली लांबलचक वायर एवढ्यावर ती एकदाची खोलीत आली. मोडेम चालू केला, मिनिकॉम हा मोडेमशी टाइप करून बोलायचा प्रोग्रॅम उघडला, ‘एटी’ टाइप करून एंटर मारलं. अशा वेळी मोडेमने ‘ओके’ म्हणायचं असतं. पडदा कोरा. आम्ही टाइप केलेली अक्षरंही उमटेनात. घंटा झाली, सगळे घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडसर स्वतः जिन्याखाली आले. ‘तुमचं ते यंत्र ऑफिसच्या फोनवर शिट्ट्या वाजवतंय. सकाळपासून पालकांना शाळेचा फोनच लागत नाहीये.’ घंटी वाजली की आमचा मोडेम ऑफिसच्या आधी फोन उचलत होता आणि पालकांच्या कानात २१०० हर्ट्‌झचा सूर सोडत होता! खोलीत हशा पिकला. हेडसर हसले नाहीत. सरही हसले नाहीत, कारण ते दिव्यांकडे बघत होते. एए नावाचा एक दिवा पेटलेला होता. ऑटो आन्सर.

तिथून सरांनी जो तर्क लढवला तो मी आजही नव्या इंजिनिअरांना सांगतो. हा मोडेम आपणहून फोन उचलतो, म्हणजे त्या पालकांच्या ऑफिसात तो माणसाशिवाय चालत असणार. समोर माणूस नसेल तर उत्तरं कोणाला द्यायची? म्हणजे त्याची उत्तरं बंद करून ती मांडणी त्याच्या आतच साठवून ठेवलेली असणार. ‘एटी टाइप कर आणि पडदा सोड, एसडी बघ.’ मी टाइप केलं. एसडी लुकलुकला, आरडी ढिम्म. ‘ऐकू येतंय त्याला. तोंड बांधलंय फक्त.’ मग सरांनी कोऱ्या पडद्यावर, काहीही दिसत नसताना, एकेक अक्षर सावकाश टाइप केलं: एटी, क्यू शून्य (उत्तर दे), ई एक (टाइप केलेलं दाखव), व्ही एक (शब्दांत बोल). एंटर.

‘ओके.’

दोन अक्षरं ती. आख्खी खोली ओरडली. एस-शून्य बरोबर शून्य करून सरांनी आपणहून फोन उचलणं बंद केलं, ‘&डब्ल्यू’ हा आदेश देऊन ते मोडेममध्ये कायमचं साठवलं. एए विझला. हेडसर तोवर निघून गेले होते, हे बरंच झालं.

हे एटी आदेश हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेममधून आले आणि पुढे सगळ्यांनी उचलले. आम्हाला त्यांचा नादच लागला. एटीएच म्हणजे फोन ठेव, एटीडीटी म्हणजे टोनने लाव, एटीडीपी म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखा टिकटिक करत लाव. शाळेच्या फोनवर बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य फिरवावं लागायचं आणि आतला डायल टोन मोडेमला ओळखता यायचा नाही. तो ‘नो डायलटोन’ म्हणून हात वर करायचा. त्यावर एक्स-तीन, म्हणजे टोनची वाट बघू नको. शून्यानंतर स्वल्पविराम, म्हणजे दोन सेकंद दम खा. मराठीच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘यंत्राला कळतं, तुम्हाला कधी कळणार?’

ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहितोय तो यानंतरचा. फोन लागला. टोन, आकड्यांची टिपटिप, मग ती किंकाळी आणि शेवटी खरखर. सीडी पेटला. पडद्यावर ‘कनेक्ट २६४००’. पलीकडून लॉगिन विचारलं, सरांनी टाइप केलं, पासवर्ड दिला, आणि पडद्यावर कचरा सांडायला लागला. नागमोडी चिन्ह, महिरपी कंस, उद्गारचिन्ह, पुन्हा कंस, पुन्हा उद्गारचिन्ह, मध्येच कुठली तरी टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. थोडं थांबून पुन्हा तोच कचरा. मागून कोणीतरी म्हणालं, ‘गेला मोडेम.’

सर उठले आणि फळ्याकडे गेले. ‘हात लावू नका कोणी. हा कचरा नाहीये. दर वेळी तसाच येतोय ना? कचरा असा शिस्तीत येत नाही.’ नागमोडी चिन्ह म्हणजे संगणकाच्या सोळाच्या मोजणीत ७ई. पीपीपी, म्हणजे फोनवरून इंटरनेट जोडायची पद्धत; तिच्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटाची सुरुवात आणि शेवट त्यानेच होतो. पुढे एफएफ. मग महिरपी कंस, म्हणजे ७डी. तो आला की पुढच्या अक्षराचा एक बिट उलटवून वाचायचा. त्यामुळे २३ चं झालं ०३. मग सी० आणि २१, म्हणजे हे पाकीट जोडणीच्या वाटाघाटीचं आहे. आणि मग कंस-उद्गारचिन्ह, कंस-उद्गारचिन्ह: २१ चा ०१, पुन्हा ०१. पहिला ०१ म्हणजे ‘माझ्या या अटी आहेत, मान्य आहेत का?’ दुसरा पाकिटाचा क्रमांक. ‘पलीकडचा बोलतोय रे! तो विचारतोय आणि आपण गप्प बसलोय, म्हणून पुन्हा विचारतोय.’

सर हे खडूने लिहीत असताना पडद्यावर ‘नो कॅरिअर’ आलं. पलीकडच्याने वाट बघून फोन ठेवला होता. इतकी खटपट करून जुळलेली लाइन तुटली, आणि सरांनी मान वळवूनही पाहिलं नाही. फळा पूर्ण करून, हात झटकून म्हणाले, ‘आता परत लावू. आता आपल्याला उत्तर देता येईल.’ एखाद्या शिक्षकाने फोन तुटू दिला पण वाक्य तुटू दिलं नाही, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

नंतरचं लवकर झालं. मिनिकॉममधून फोन न ठेवता बाहेर पडून पीपीपीडी, म्हणजे पीपीपी बोलणारा प्रोग्रॅम, सुरू केला. आकड्यांचा पत्ता दिला की पलीकडून उत्तर यायचं, नाव दिलं की नाही. नावं सोडवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता रिझॉल्व्ह फाइलमध्ये घातला, तेही सुटलं. पासवर्डच्या फाइलला इतरांना वाचता येणार नाही अशी परवानगी लावायला सर विसरले नाहीत. लिंक्स नावाच्या नुसत्या अक्षरांच्या ब्राउझरमध्ये पहिलं पान उघडलं. पुढच्या सत्रात सरांनी आयपीचेन्स वापरून त्या एकाच मोडेमवरून खोलीतल्या सगळ्या मशीनना वाट करून दिली. २६,४०० बिटांत सगळी खोली. चित्र उघडेपर्यंत पाढे म्हणून व्हायचे, पण तक्रार कोण करणार?

आता थोडं स्वतःबद्दल, कारण सरांनी ते वाचावं असं मला वाटतं. दूरवरच्या पाण्याच्या आणि विजेच्या मीटरमधून आकडे गोळा करणारी यंत्रं बनवायच्या कामात मी आहे, आणि आज त्या गटाचा प्रमुख आहे. त्या यंत्रांत फोर-जी मोडेम असतो, नखाएवढा. त्याच्याशी आम्ही काय बोलतो? एटी. तो म्हणतो, ओके. सिग्नलची ताकद विचारायचा आदेशही एटीनेच सुरू होतो. ० ते ३१ मध्ये उत्तर येतं, आणि ९९ आलं तर त्याला स्वतःलाच कळलेलं नाही असं समजायचं. इतकंच काय, त्यातले कित्येक मोडेम लिनक्सवर आजही पीपीपीडीनेच जोडता येतात. मध्यंतरी एका नव्या मुलीने लॉगमधला नागमोडी चिन्हांचा ढीग दाखवून ‘सर, डेटा करप्ट झालाय’ असं सांगितलं. मी उठलो आणि फळ्यावर ७ई लिहिलं. तिला का ते कळलं नाही, पण त्या दिवशी मी भलताच खुशीत होतो.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. जिन्याखालची खोली आता सामानाची आहे. वरची नवी प्रयोगशाळा देखणी आहे, देणगीदारांची पाटी ठळक आहे, पडदे सपाट आहेत. पण मशीनची पाठ बंद, सिरीअल पोर्ट नाही, एकही दिवा नाही. इंटरनेट भिंतीतून येतं आणि गेलं तर एक गोल फिरत राहतो. तो कशाची वाट बघतोय हे सांगत नाही. मला ते अजिबात आवडलं नाही, आणि हे स्मरणिकेत लिहायला संकोचही वाटत नाही. जगभर तसंच झालंय, हे मान्य. पण आपल्या शाळेत तरी एक मशीन उघडं ठेवायला काय हरकत आहे?

समितीला एक विनंती. महोत्सवाच्या प्रदर्शनात मला एक टेबल द्या. सामानाच्या खोलीत तो मोडेम अजून असेल तर शोधून ठेवा. त्याच्या जोडीला दुसरा माझ्याकडे आहे. यूएसबीवरून सिरीअल करणाऱ्या केबल मी आणतो, आजच्या लिनक्सला त्यांच्यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही. फोनची लाइन लागणार नाही. दोन मोडेममध्ये हातभर वायर जोडायची, एकाला एक्स-तीन देऊन डायल करायला लावायचं, दुसऱ्याला एटीए, म्हणजे उचल. बरेच मोडेम असे एकमेकांशी थेट जुळतात. हे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते मुलांसमोरच शोधू. वीजजोडण्या तीन लागतील, शक्यतो खिडकीपाशी. फळा आणि खडू हवेत, पांढरा बोर्ड नको. आणि सर आले तर त्यांना व्यासपीठावर हारतुऱ्यांत अडकवून ठेवू नका. टेबलाशी त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवा, दिवे नीट दिसतील अशा बाजूला.

— माजी विद्यार्थी, दहावी ‘ब’, २००१