दोन खोकी, दोन्हींवर भलतंच नाव

वादळी रात्रीनंतरची सकाळ पक्षी उपचार केंद्रात फोन घेण्यातच जाते. त्या दिवशी इतर पाखरांसोबत शिकारी पक्ष्यांची दोन खोकी आली. एकावर लिहिलं होतं ‘पांढरं घुबड’, दुसऱ्यावर ‘घार, गवतात सापडली’. लोकांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, त्यात त्यांची काही चूक नाही. पण आमच्याकडे त्या एका शब्दावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पहिले काही तास अंधार आणि शांतता सगळ्यांनाच लागते. त्यानंतर मात्र पक्षी कोणत्या खोलीत ठेवायचा, खाणं कधी द्यायचं आणि बरा झाल्यावर कोणत्या वेळी सोडायचा, हे तो दिवसाचा की रात्रीचा यावर ठरतं. घुबडं आम्ही तिन्हीसांजेला सोडतो, घारी ऊन चढू लागल्यावर.

पहिलं खोकं मी उघडलं आणि ‘घुबड’ लिहिणाऱ्याला काय वाटलं असेल ते लगेच कळलं. कावळ्याएवढा पक्षी, डोकं मोठं, तोंड पांढरंशुभ्र आणि समोर रोखलेले दोन लालभडक डोळे. पाठीची राखाडी पिसं हाताला मखमली लागत होती. नव्यानेच रुजू झालेला सहकारी म्हणाला, “ताई, घुबडच आहे, डोळे बघा ना.”

डोळेच बघायचे तर पापण्या बघ, म्हटलं. घुबड डोळे मिचकावतं तेव्हा वरची पापणी खाली येते, म्हणून त्याचा चेहरा आपल्याला माणसासारखा वाटतो. या पाहुण्याची खालची पापणी वर सरकत होती. चोचीच्या मुळाशी पिवळी, उघडी कातडी स्पष्ट दिसत होती. घुबडाचा हा भाग राठ केसाळ पिसांत झाकलेला असतो. बोटंही पिवळी आणि उघडी. डोळ्यांभोवती घुबडासारखी, आवाज कानांकडे वळवणारी पिसांची तबकडी नाही, फक्त काळी सावली. शेवटी मी गळ्याखाली बोट फिरवलं. तिथे टम्म फुगवटा लागला. ही अन्नाची पिशवी. घारी, गरुड, ससाणे घाईघाईने खाल्लेलं आधी तिच्यात साठवतात. घुबडांना ही पिशवी नसतेच. म्हणजे ही कापशी होती, घारीच्या नात्यातला एक लहान शिकारी पक्षी. पहाटे उंदीर खाऊन निघाली असावी आणि कुठल्यातरी तारेवर आदळली असावी.

कापशी फसवते, कारण तिचं घुबडासारखं दिसणं निव्वळ योगायोग नाही. तीही उंदरांवर जगते आणि बरीचशी शिकार मंद उजेडात करते. तिची ऑस्ट्रेलियातली एक बहीण तर चक्क रात्री शिकार करते. एकाच धंद्यातली माणसं पुढे एकमेकांसारखी दिसू लागतात, तसंच हे. नात्याच्या बाबतीत चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे पक्ष्यांच्या दुनियेत पुन्हा पुन्हा दिसतं. बहिरी ससाणा आणि गरुड शेजारी ठेवले तर कुणीही भाऊ म्हणेल. पण जनुकांच्या अभ्यासानुसार ससाणे गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत.

दुसऱ्या खोक्याने त्याहून जास्त वेळ घेतला. तपकिरी अंग, छातीवर उभ्या रेघा, लांब पंख, भरदिवसा माळावरच्या गवतात सापडलेला. वर्णन ऐकून माझ्या मनात भोवत्या आला होता. भोवत्या गवतावरून अगदी खालून तरंगत शिकार करतो, आणि दिवसाचा शिकारी असूनही त्याच्या चेहऱ्याला पुसटशी तबकडी असते, कारण गवतातली खुडबुड तो कानांनीही टिपतो. म्हणजे तबकडी दिसली की घुबड, असं सरसकट म्हणता येत नाही.

टॉवेल बाजूला केला तर आतून चोचीचा टकटक आवाज आला. पिवळे डोळे, त्यांभोवती काजळ फासल्यासारखा काळा रंग, पाय थेट बोटांपर्यंत पिसांनी मढलेले. तबकडीच्या कडेची पिसं सरकवली तेव्हा कानाची भलीमोठी फट दिसली. पंखाच्या बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला बारीक दात्यांची किनार होती. हवा तिथे विस्कटते आणि पंखांचा आवाज दबतो. हे आखूड कानांचं घुबड. झाडाऐवजी जमिनीवर बसतं, दिवसाही शिकार करतं, आणि ज्यावरून त्याला नाव मिळालं ती डोक्यावरची पिसं इतकी लहान की बहुतेक वेळा दिसतच नाहीत. तशीही ती ‘शिंगं’ कुठल्याच घुबडाचे कान नसतात.

सहकाऱ्याने वही काढली. पिसांचे पाय म्हणजे घुबड, असं लिहू का, म्हणाला. नको. काही गरुडांचे पायही बोटांपर्यंत पिसांचे असतात आणि मासे पकडणाऱ्या घुबडांचे उघडे असतात. मग दोन बोटं पुढे, दोन मागे? घुबडाला बाहेरचं बोट मागे फिरवता येतं हे खरं, पण मासेमार ऑस्प्रेलाही येतं. एका खुणेवर शिक्का मारू नकोस, तीन-चार जुळू देत, एवढंच त्याला सांगितलं. तो जरा नाराज झाला. त्याला तक्ता हवा होता.

कापशीला गुंगी होती, हाडं शाबूत होती. काही दिवसांत ती एका सकाळी उडाली. घुबडाच्या पंखाचं हाड मोडलं होतं, त्याला बराच काळ राहावं लागलं. त्याचं पिंजऱ्यातलं बसणं आम्ही जमिनीलगत केलं, वर बसायला आडवी काठी ठेवली नाही. नाव बरोबर लागल्याचा हा त्याला झालेला रोकडा फायदा.

आता फोन आला की मी चोचीच्या मुळाचा आणि पायांचा जवळून फोटो मागते. लोक डोळ्यांचेच पाठवतात.