हाताचे वळण

गेल्या महिन्यात आमच्या गटात एक नवीन मुलगी रुजू झाली. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी तिने अगदी साध्या मनाने विचारले, "इथे सगळे कोणता एडिटर वापरतात?" एडिटर म्हणजे आम्ही ज्यात कोड लिहितो तो प्रोग्रॅम. प्रश्न निरुपद्रवी होता, पण त्यानंतर पाऊण तास कोणी जागेवर परतले नाही आणि बाणेरच्या त्या टपरीवर चहाच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या. बिचारीला फक्त आपल्या नव्या लॅपटॉपवर काय काय बसवून घ्यायचे, एवढेच जाणून घ्यायचे होते.

आमच्याकडे या वादात प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आम्ही ज्यांना काका म्हणतो ते पंचेचाळिशीतले गृहस्थ गेली वीस वर्षे व्हिम हा कळफलकावरून चालवायचा एडिटर वापरतात आणि माउसला हात लावणे हे त्यांना मसाला विकतचा आणण्यासारखे वाटते. दुसरे एक सहकारी वेबस्टॉर्मचे वार्षिक शुल्क अनेक वर्षे स्वतःच्या खिशातून भरत आले आहेत, आणि पैसे मोजलेल्या वस्तूविषयी माणसाच्या मनात जी निष्ठा निर्माण होते ती त्यांच्या प्रत्येक वाक्यात जाणवते. एखाद्या फंक्शनचे नाव एका ठिकाणी बदलले की ते चाळीस फायलींत बिनचूक बदलते, हे ते लॅपटॉप उघडून दाखवतात आणि ते दाखवताना त्यांचा चेहरा खरोखर बघण्यासारखा असतो. उरलेले सगळे व्हीएस कोडवाले. त्यांच्या मते मुळात वादच नाही. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३च्या सर्वेक्षणात सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी व्हीएस कोड वापरत असल्याचे सांगितले होते. मग चर्चा कशाची करायची, असा त्यांचा सवाल असतो. बहुमत हाच ज्यांचा युक्तिवाद असतो, त्यांच्याशी वाद घालण्यात मजा नसते. म्हणून काका आणि वेबस्टॉर्मवाले बहुतेक वेळा एकमेकांशीच भांडतात.

मी या वादात सहसा पडत नाही, कारण माझा इतिहास धरसोडीचा आहे. माझी पहिली नोकरी सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर होती. तिथे आम्ही सहल कंपन्यांची आणि वधूवर सूचक मंडळांची संकेतस्थळे बनवत असू. अप्पा बळवंत चौकातून घेतलेले एक जाडजूड पुस्तक आणि संगणकाबरोबर फुकट आलेला एक साधा एडिटर, एवढ्या भांडवलावर मी कामाला लागले होते. एकदा एका वधूवर मंडळाच्या, पीएचपी या वेबच्या भाषेत लिहिलेल्या फाइलमध्ये मी मराठी मजकूर घातला, तो दिसावा म्हणून फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, साठवली आणि त्या दिवसापासून लॉगिन केलेला माणूस पुढच्या पानावर जाईनासा झाला. हेडर, म्हणजे पानाच्या आधी ब्राउझरला पाठवायची माहिती, आधीच पाठवला गेला आहे, अशी तक्रार पडद्यावर उमटत होती. फाइलच्या पहिल्या ओळीत काहीही चूक नव्हती. ती ओळ मी दोन संध्याकाळी पुसून पुन्हा लिहिली, दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवली, छापूनसुद्धा पाहिली. शेवटी शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी उठून आले. त्यांनी ती फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली, एन्कोडिंगच्या यादीतून 'बीओएमशिवाय' हा पर्याय निवडला, साठवली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसले. माझ्या एडिटरने फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट, म्हणजेच तो बीओएम, घालून ठेवले होते. पीएचपीच्या दृष्टीने तोही मजकूरच होता, आणि एकदा मजकूर बाहेर पडला की मागाहून हेडर पाठवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोटपॅड प्लस प्लस वापरू लागले. त्याची इतरांशी तुलना केली, गुणदोष पारखले, असे काहीही झाले नाही. ज्यांनी मला सोडवले त्यांच्या टेबलावर तो होता, एवढेच कारण होते. चहाच्या टपरीवर जे तावातावाने बोलत असतात त्यांना मी अलीकडे मध्येच विचारते की तुमच्या पहिल्या नोकरीत शेजारी कोण बसत होते. बहुतेकांच्या एडिटरचे उगमस्थान तिथे सापडते. संगणकाच्या मेमरीचा खर्च, वेग, एक्स्टेन्शनांची म्हणजे वरून बसवायच्या जोडण्यांची संख्या ही कारणे नंतर जमवलेली असतात.

मराठीत 'वळण' हा शब्द फार सोयीचा आहे. अक्षराला वळण असते, मुलांना वळण लावतात, आणि एकदा हाताला वळण पडले की ते जात नाही. एडिटरच्या बाबतीत हे वळण कधीकधी आपल्या जन्माच्याही आधीचे असते. बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कलीत व्हिमचा पूर्वज असलेला व्हीआय लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए नावाचे टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कळफलक, होते. त्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या चार कळांवरच डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे बाण छापलेले होते. टंकणे थांबवून आज्ञा देण्याकडे वळवणारी एस्केपची कळ आज जिथे टॅब असतो तिथे, म्हणजे करंगळीच्या आवाक्यात होती. शिवाय जॉय घरून ज्या मोडेमवरून काम करत त्याचा वेग ३०० बॉड होता, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरे. पडदा पुन्हा रंगायला इतका वेळ लागत असेल तर आज्ञा एकदोन अक्षरांच्या असणे हा काटकसरीचा भाग झाला. ते टर्मिनल आज संग्रहालयात असेल, पण काकांची तर्जनी अजून खाली जाण्यासाठी 'जे' दाबते आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलेल्या एस्केपपर्यंत त्यांचा हात दिवसातून कित्येक वेळा लांब होतो. मी एकदा त्यांना म्हटले, "काका, तुम्ही न पाहिलेल्या यंत्राची सवय पाळताय." त्यावर ते म्हणाले, "अगं, जानवं तरी मी कुठे शोधून काढलंय?"

तरीही व्हिमच्या बाबतीत मला काकांचा एक मुद्दा मनापासून पटतो. पानावरच्या मथळ्याच्या दोन टॅगांमधला, म्हणजे सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या खुणांमधला, मजकूर बदलायचा असेल तर आम्ही माउसने तो ओढून निवडतो, हमखास एखादे अक्षर जास्त किंवा कमी पकडतो आणि पुन्हा ओढतो. काका सी, आय, टी अशी तीन अक्षरे दाबतात. बदल, आतले, टॅग. मजकूर नाहीसा होतो, टॅग जागच्या जागी राहतात आणि कर्सर मधोमध लुकलुकत वाट पाहतो. सी ऐवजी डी दाबले तर तोच मजकूर पुसला जातो, वाय दाबले तर त्याची प्रत घेतली जाते. हे शॉर्टकट पाठ करणे नव्हे. हे क्रियापद आणि कर्म असलेले छोटेसे व्याकरण आहे. फक्त ते इंग्रजी वळणाचे आहे, क्रियापद आधी येते. काकून आणि हेलिक्स या नंतरच्या एडिटरांनी हा क्रम उलटवला: आधी निवडा, मग काय करायचे ते सांगा. कर्म आधी आणि क्रियापद शेवटी, म्हणजे थेट मराठी वाक्यरचना. हेलिक्स हाच आपल्या मातृभाषेचा खरा एडिटर, असे मी काकांना पटवून पाहिले, पण ते ढिम्म हलले नाहीत.

मातृभाषेचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवे. या वादात देवनागरीचा विचार कोणीच करत नाही. आमच्या कामात मराठी मजकूर रोज असतो, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, चालणारा व्हिम प्रत्येक अक्षराला एकेक चौकट द्यायला बघतो. जोडाक्षर आणि वेलांट्या त्या चौकटींत मावत नाहीत, म्हणून 'प्रसिद्धी'सारखा शब्द तिथे तुटतो, अक्षरे एकमेकांवर चढतात आणि कर्सर दिसतो एका ठिकाणी व असतो दुसऱ्याच. व्हीएस कोड आतून ब्राउझरच्याच इंजिनावर चालत असल्याने त्यात मराठी निदान वाचता येते. दुसरी अडचण कळफलकाची. इनस्क्रिप्ट मांडणीत त्या चार प्रसिद्ध कळांवर, एच, जे, के, एलवर, अनुक्रमे प, र, क, त ही अक्षरे येतात. मराठी लिहून झाल्यावर भाषा बदलायला विसरले की व्हिमला खाली जाण्याची आज्ञा मिळतच नाही, त्याच्या हाती नुसता 'र' पडतो आणि तो जागेवर बसून राहतो. काका अशा वेळी आधी एडिटरला नव्हे, कळफलकाला दोष देतात.

गुणांचे म्हणाल तर गुण फार काळ एकाच्या मालकीचे राहत नाहीत. सब्लाइम टेक्स्टमधले अनेक कर्सर मी पहिल्यांदा पाहिले तो दिवस मला आठवतो. मेनूमधल्या बारा दुव्यांवर एकच क्लास (दुव्याचे रूप ठरवणारे नाव) होता आणि तो बदलायचा होता. कंट्रोल आणि डी दाबत गेले तसे एकेक करून बारा कर्सर उमटले आणि मी टंकू लागले तशी बाराही ओळींत अक्षरे एकाच वेळी, रिंगणातल्या वारकऱ्यांच्या पावलांसारखी, एका तालात पुढे सरकू लागली. जॉन स्किनर यांनी गूगलमधली नोकरी सोडून बनवलेला आणि २००८मध्ये बाहेर आलेला हा एडिटर विकत घ्यायचा असे. न घेणाऱ्यांना तो अधूनमधून, फाइल साठवताना, एक नम्र आठवण करून देत असे आणि आपण तितक्याच नम्रपणे ती रद्द करत असू. बारा कर्सर आज जवळपास प्रत्येक एडिटरमध्ये आहेत. यूएल, मोठेपणाचे चिन्ह, एलआय, गुणिले पाच असे लिहून टॅब दाबला की पाच कलमांची यादी उलगडणारे एमेटही आता व्हीएस कोडमध्ये जन्मतःच असते. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल सर्वांसाठी खुला केला आणि भाषेची जाण एडिटरमधून काढून एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवण्याची वाट मोकळी झाली. व्हीएस कोडमध्ये चुकीखाली जी लाल नागमोडी रेघ दिसते तिच्यामागचे ज्ञान आता काकांच्या व्हिमचा नवा अवतार असलेल्या निओव्हिमलाही मिळू शकते. निम्मा वाद त्याच वर्षी संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण तक्रारींचेही वळण पडलेले असते. ईमॅक्स या जुन्या एडिटरच्या नावाची फोड 'आठ मेगाबाइट घेतो आणि सतत स्वॅप करतो', म्हणजे मेमरी पुरत नाही म्हणून डिस्कवर धावतो, अशी करून लोक पूर्वी हसत असत. आज इलेक्ट्रॉन या ब्राउझरचे इंजिन पोटात घेणाऱ्या पायावर उभ्या असलेल्या एडिटरांविषयी तोच विनोद आकडा वाढवून केला जातो, आणि आठ मेगाबाइट या आकड्याचे आता ईमॅक्सवाल्यांनाच हसू येते.

वादात जो कधीच भाग घेत नाही तो आमचा एक सहकारी ॲटमवाला होता. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने २०१४मध्ये आणलेला ॲटम हा एडिटर त्याने स्वतःच्या हाताने सजवला होता. रंग, फॉन्ट, कडेची यादी, सगळे. ॲटमसाठी जो पाया बांधला गेला तोच पुढे इलेक्ट्रॉन म्हणून वेगळा झाला आणि त्याच पायावर व्हीएस कोड २०१५मध्ये उभा राहिला. २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब घेतले तेव्हा एका घरात दोन एडिटर झाले, आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटमचे भांडार कुलूपबंद झाले. आमच्या सहकाऱ्याने त्या आठवड्यात निमूटपणे व्हीएस कोड बसवला, त्यात ॲटमची रंगसंगती आणि ॲटमच्या कळांची मांडणी घातली आणि कामाला लागला. भाड्याचे घर सोडताना आपण भिंती नेऊ शकत नाही, मिसळणाचा डबा नेतो. व्हिमच्या कळाही अशाच प्रवासी आहेत. व्हीएस कोड, वेबस्टॉर्म, इतकेच काय ईमॅक्समध्येसुद्धा त्या एका एक्स्टेन्शनने येऊन राहतात. व्हिमचे कर्ते ब्राम मूलेनार यांनी तो १९९१मध्ये अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध केला होता. अमिगा गेला, ऑगस्ट २०२३मध्ये मूलेनारही गेले, आणि व्हिम नुसता उघडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा हे त्यांचे आवाहन अजून पडद्यावर दिसते. काकांनी एकदा खरोखर पैसे पाठवले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

नव्या मुलीने अखेरीस व्हीएस कोडच बसवला. वेबच्या कामाला सुरुवात करणाऱ्याने दुसरे काही का करावे, याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. मात्र तिची जागा काकांच्या शेजारी आहे, आणि परवा तिच्या पडद्याच्या तळाशी व्हिम एक्स्टेन्शनची ती ओळखीची पट्टी मला दिसली. मी काही बोलले नाही.

काका त्यांच्या सोसायटीचे चिटणीस आहेत. माझे शुद्धलेखन बरे आहे असा त्यांचा समज असल्यामुळे वार्षिक सभेची सूचना त्यांनी मला तपासायला पाठवली. ती त्यांनी साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये, इनस्क्रिप्टवर टंकली होती. मजकूर नेटका होता. पाणीपट्टी, उद्वाहनाची दुरुस्ती, वाहनतळाचा जुना तंटा, सगळे क्रमाने. फक्त 'पाणीपट्टीच्या थकबाकीबाबत निर्णय घेणे' या वाक्यानंतर काही कारण नसताना 'ररर' अशी तीन अक्षरे उभी होती. नवी मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने खुर्ची वळवली.

"काका, हे ररर काय आहे?"

काकांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले.

"काही नाही गं. खाली जायचं होतं."