ठिबकच्या सहा सेक्शनला सहा एजंट: माझा अनुभव

डाळिंबाची तीन एकर बाग, ठिबकचे सहा सेक्शन, विहिरीवर एक थ्री-फेज मोटर आणि दाब एका वेळी दोनच सेक्शनला पुरेल एवढा. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. आधी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर सगळं एकाच पायथॉन प्रोग्राममध्ये होतं. एका सेन्सरने भलतंच रीडिंग पाठवलं की प्रोग्राम पडायचा आणि सहाही सेक्शन कोरडे राहायचे. म्हणून प्रत्येक सेक्शनची वेगळी मायक्रोसर्व्हिस, म्हणजे स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्राम, केली, मोटरची एक वेगळी, आणि मधला निरोप्या म्हणून मॉस्क्विटो हा ब्रोकर. तो एमक्यूटीटी या संदेशपद्धतीने निरोप इकडून तिकडे पोचवतो.

पण नुसते तुकडे पाडून एजंट होत नाही. साधी सर्व्हिस विचारलं की उत्तर देते. एजंटला स्वतःचं उद्दिष्ट असतं, इथे आपल्या सेक्शनचा वाफसा टिकवायचं, आणि त्यासाठी तो आपणहून हालचाल करतो. थ्री-फेज आल्याचं फेज रिलेवरून कळलं की मोटर-एजंट पुकारा करतो: पाणी कोणाला हवंय? प्रत्येक सेक्शनने ५ सेकंदांत ० ते १०० मध्ये आपली गरज सांगायची. सर्वांत जास्त गरजेच्या दोघांना २० मिनिटं पाणी, मग पुन्हा पुकारा. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली 'कॉन्ट्रॅक्ट नेट' पद्धत ती हीच. ज्याचा एजंट दोन दिवस गप्प आहे त्या सेक्शनला मोटर-एजंट न विचारता १५ मिनिटं देतो. एजंट मेला म्हणून झाडं मरता कामा नयेत.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते 'रिटेन'ने. नोड, म्हणजे व्हॉल्व्हजवळचा ईएसपी३२ हा छोटा वाय-फाय बोर्ड, पुन्हा जोडला गेला तर हुकूम चुकू नये म्हणून 'उघड' हा संदेश रिटेन करून पाठवत होतो. ब्रोकर असा शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्याच्या हातात देतो. बॅटरी उतरून ईएसपी३२ रीस्टार्ट झाला की कालचा 'उघड' आज अमलात यायचा आणि व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडायचा. तेव्हापासून नियम एकच: स्थिती रिटेन करायची, हुकूम कधीच नाही. शिवाय क्यूओएस १ वर, म्हणजे संदेश 'किमान एकदा' पोचवायच्या हमीवर, तोच हुकूम दोनदा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक हुकमाला क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर नोडने सोडून द्यायचा.

क्रमही पाळावाच लागतो. आधी व्हॉल्व्ह, १० सेकंदांनी मोटर. बंद करताना उलटं. पाळी बदलताना नवा व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय जुना मिटवायचा नाही. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मोटर सुरू झाली तर दाब चढून पाइपाचे जोड सुटतात. स्टार्टरच्या पेटीतला ऑटो स्विच याचसाठी आधी काढून टाका, नाहीतर वीज येताच एजंटला न विचारता मोटर धावते.

काही बारक्या गोष्टी वेळ वाचवतील. ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या (सेन्सरचं व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर रीडिंग मिळत नाही. ओलाव्याचा सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनेवर लावा. मॉस्क्विटो २.० पासून सेटिंगच्या फाइलमध्ये लिसनर १८८३ (ब्रोकरने ऐकायचा पोर्ट) स्वतः लिहिल्याशिवाय बाहेरचा नोड जोडलाच जात नाही. प्रत्येक सर्व्हिस कंटेनरमध्ये, म्हणजे तिच्या वेगळ्या बंद डब्यात, चालते. प्रत्येक कंटेनरला ६४ एमबी मेमरीची मर्यादा घातली, पण रास्पबेरी पायवर सीएमडीलाइन या बूटच्या फाइलमध्ये सीग्रुप मेमरी चालू केल्यावरच ती लागू झाली. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इंटरनेट नसेल तर तो बंद पडतानाच्या वेळेपासून पुढे मोजतो आणि गप्प एजंटचा दोन दिवसांचा हिशेब चुकतो. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल लावलं की हा घोळ मिटतो.

कीप-अलाइव्ह, म्हणजे नोडने 'मी आहे' असं कळवायची मुदत, ३० सेकंद ठेवला. नोड गप्प झाला की दीडपट वेळाने, म्हणजे ४५ सेकंदांनी, ब्रोकर त्याचा आधीच ठेवलेला 'लास्ट विल' (मी गेलो) संदेश सगळ्यांना देतो आणि मोटर-एजंट त्या सेक्शनला वगळतो.

बागेत लावण्याआधी एकेक कंटेनर मुद्दाम मारून पाहा आणि शेवटी ब्रोकरच बंद करा. आमच्याकडे मोटरच्या नोडमध्ये २२ मिनिटांचा आणि व्हॉल्व्हच्या नोडमध्ये २५ मिनिटांचा स्वतःचा टायमर आहे. वर कोणीच जिवंत नसलं तरी आधी मोटर थांबते, मग व्हॉल्व्ह मिटतात.