आमची वाटचाल: नौपाड्यातलं चष्म्याचं दुकान आणि सरांचा डावा डोळा

दुकान बाबांनी टाकलं, बरीच वर्षं नीट चाललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग समोर लेझर सेंटर आलं. रिक्षांच्या पाठी 'चष्मा फेका' लागलं आणि कॉलेजची पोरं सगळी तिकडे. दोन वर्षं भाडं थकलं, फ्रेमवाल्याची उधारी वेगळी, एजर, म्हणजे काचा घासायचं मशीन, विकायला काढलेला. आमच्याकडे नंबर काढायला शिकलेला पोरगासुद्धा त्यांनी उचलला. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू.

तेव्हाच सर आले. गणिताचे, रिटायर्ड, बाबांपासूनचं गिऱ्हाईक. वर्षापूर्वी कपाळावर नागीण उठलेली, नाकाच्या शेंड्यालापण फोड. शेंड्याला फोड म्हणजे डोळ्याला धोका, दोन्हीकडची शीर, म्हणजे मज्जातंतू, एकच, पण घरचे आठवडाभर लेप लावत बसले. बुबुळावर डाग राहिला. समोरच्या लेझरवाल्यांनी पॅकेज सांगितलं, सगळ्या टेस्टचे पैसे घेतले, मग म्हणाले होणार नाही.

नकार बरोबरच होता हो. कांजिण्यांचाच विषाणू तो, शिरेत झोपून असतो, लेझरनंतर परत उठू शकतो, त्यात बुबुळाची संवेदना कमी झालेली आणि लॅसिकमध्ये, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझरमध्ये, बुबुळाचा पातळ पापुद्रा (फ्लॅप) उचलतात, तो उरल्यासुरल्या शिरापण कापतो, मग जखम भरायला त्रास. वरवरचा डाग असेल तर कधीकधी पीटीके, म्हणजे वरचा थर लेझरने घासणं, करतात, पण ते डाग कमी करायला, चष्मा घालवायला नाही. पण हे पैसे घ्यायच्या आधी सांगता येत नव्हतं?

मी नंबर तपासायच्या ट्रायल फ्रेममध्ये पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची चकती, टाकली, सर तक्त्यावर खाली तीन ओळी जास्त उतरले. म्हणजे डागापेक्षा खडबडीतपणाच जास्त नडत होता. बुबुळाचा गोलावा मोजायच्या केरॅटोमीटरमध्ये गोल कसले, फुटकी बांगडी दिसत होती. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या, डॉक्टरांनी कापसाची वात लावून बघितली, थोडी संवेदना होती म्हणून हो म्हणाले. मग सेमी-सॉफ्ट लेन्स, म्हणजे आरजीपी, डोळ्यात घालायची कडक पण हवा जाऊ देणारी. लेन्सखाली अश्रू भरतात, खड्डे बुजतात. तीन ट्रायल फुकट गेले, चौथ्याला डोळ्यात टाकलेला रंग निळ्या लाइटखाली हिरवा, सगळीकडे सारखा पसरलेला दिसला, म्हणजे लेन्स नीट बसली. सर दारात गेले आणि समोरचा बोर्ड वाचून दाखवला, फोन नंबरसकट.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. डोळ्याजवळ नागीण उठली की लेप नको, डॉक्टरांच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू करा. पन्नाशीनंतर लस मिळते, विचारून घ्या. आणि अशा डोळ्यात लेन्स असेल तर दुखायची वाट बघू नका, संवेदना कमी असते, दुखेलच असं नाही. लाल दिसला की लेन्स काढा आणि डॉक्टर गाठा.

हल्ली असे डागवाले पेशंट समोरूनच आमच्याकडे पाठवतात, चिठ्ठीवर दुकानाचं नाव तेवढं चुकीचं लिहितात. पोरगा मात्र परत आला नाही.