झोन कव्हरेजचे बळ आणि त्यातला सांधा

सोलापुरात आमच्या ओळखीत अमेरिकन फुटबॉल मनापासून पाहणारे लोक थोडेच आहेत, पण त्यांच्यात एक समज पक्का बसलेला आहे. झोन कव्हरेज, म्हणजे मैदानाचे तुकडे वाटून घेऊन पास अडवणे, हा मागे सरकून, बिचकत खेळलेला बचाव आणि खरा मर्दानी बचाव तो मॅन कव्हरेजचा, म्हणजे माणसाला माणूस लावण्याचा, असे ते मानतात. सुपर बोल, म्हणजे या खेळाच्या अमेरिकी लीगचा अंतिम सामना, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. तो पाहताना एखादा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मोकळा सापडला, की ‘त्याच्याजवळ कोणी नव्हतेच’ हा शेरा ठरलेला असतो. हा समज मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी हिशेब पाहू. बचावाच्या अकरा जणांपैकी साधारणपणे चार जण क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, धावून जातात आणि पास अडवण्यासाठी सात उरतात. मैदानाची रुंदी सुमारे ५३ यार्ड आहे, आणि पाठीमागची खोली तर चेंडू जाईल तितकी. मॅन कव्हरेजमध्ये प्रत्येकाला एकेक रिसीव्हर नेमून दिलेला असतो, तर झोनमध्ये प्रत्येकाला मैदानाचा एकेक तुकडा सांभाळायचा असतो. सात माणसे एवढ्या मैदानाला पुरी पडणे शक्यच नाही, त्यामुळे दोन तुकड्यांच्या सांध्यावर जागा मोकळी राहणारच. तो सांधा कुठे ठेवायचा आणि तिथे चेंडू टाकायला क्वार्टरबॅकला किती वेळ मिळू द्यायचा, एवढेच प्रशिक्षकाच्या हातात असते.

मग झोन खेळायचा तरी कशाला? याचे उत्तर डोळ्यांत आहे. मॅनमध्ये बचावपटूची नजर आपल्या रिसीव्हरवर खिळलेली असते आणि कित्येकदा त्याची पाठ चेंडूकडे असते. झोनमध्ये सातही जण क्वार्टरबॅककडे तोंड करून उभे असतात. कबड्डीत चढाई करणारा आत आला, की कॉर्नर आणि कव्हर सगळे त्याच्या खांद्याकडे आणि पायांकडे पाहून एकत्र सरकतात, तशी ही हालचाल असते. त्यामुळे चेंडू हातातून सुटताच तीन-चार जण त्याच्याकडे झेपावतात आणि इंटरसेप्शनची, म्हणजे बचावानेच पास पकडण्याची, शक्यता वाढते. क्वार्टरबॅक स्वतःच चेंडू घेऊन पळू लागला, तर तेही ताबडतोब दिसते. पळणाऱ्या क्वार्टरबॅकविरुद्ध मॅन खेळणे धोक्याचे ठरते ते याच कारणाने.

झोनचे प्रकार अनेक आहेत, पण प्रत्येकाचा सांधा वेगळ्या जागी असतो हे लक्षात आले की बाकीचे सोपे होते. कव्हर टूमध्ये दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) पाठीमागचे मैदान अर्धे-अर्धे वाटून घेतात आणि पुढे पाच जण उभे राहतात. कडेच्या छोट्या पासवर हा बचाव फार भारी पडतो, कारण कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) तिथे दबा धरून असतो आणि रिसीव्हरला सुरुवातीलाच धक्का देऊन त्याची लय मोडतो. पण त्याच कॉर्नरबॅकच्या पाठीमागे, सेफ्टी धावत पोचण्याआधी, सीमारेषेलगत एक पट्टा उघडा राहतो. एक रिसीव्हर पाच यार्डांवर थांबवून दुसऱ्याला त्याच्या मागून कोपऱ्याकडे पाठवले, की कॉर्नरबॅकने कुणाला धरावे हा पेच पडतो. दुसरा सांधा दोन सेफ्टींच्या मधोमध असतो.

हा मधला सांधा बुजवण्यासाठी मधल्या लाइनबॅकरलाच (पुढच्या चौघांच्या मागे उभ्या असणाऱ्या बचावपटूला) खोलवर पळवायचे, या युक्तीला टॅम्पा टू म्हणतात. प्रशिक्षक टोनी डंजी आणि मॉन्टे किफिन यांनी १९९६पासून टॅम्पा बे बुकेनिअर्सकडून ती खेळवली, पण तिची मुळे सत्तरच्या दशकातल्या पिट्सबर्ग स्टीलर्सपर्यंत जातात. जानेवारी २००३च्या सुपर बोलमध्ये बुकेनिअर्सनी ओकलंड रेडर्स या संघाला ४८–२१ असे हरवले. त्या सामन्यात त्यांनी पाच इंटरसेप्शन घेतले आणि त्यांतल्या तीन वेळा चेंडू थेट समोरच्या गोलरेषेपार नेऊन टचडाउन केले. तरीही किंमत सुटत नाहीच. लाइनबॅकर मागे पळाला की मध्यभागातली जवळची जागा रिकामी होते, आणि शांत डोक्याचा क्वार्टरबॅक तिथे आठ-आठ यार्ड काढत राहतो.

कव्हर थ्रीमध्ये तीन जण पाठीमागचे मैदान तिघांत वाटून घेतात, त्यामुळे एक सेफ्टी पुढे येऊन धावता खेळ अडवायला मोकळा होतो. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या सिअ‍ॅटल सीहॉक्सचा बचाव प्रामुख्याने याच आराखड्यावर उभा होता. मागे मधोमध अर्ल थॉमस, पुढे कॅम चॅन्सलर आणि कडेला रिचर्ड शर्मन अशी त्याची मांडणी होती. २०१३च्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम करणाऱ्या डेन्व्हर ब्रॉन्कोजना त्यांनी सुपर बोलमध्ये ४३–८ असे गारद केले. त्या दिवसानंतर झोनला भित्रा म्हणणे मला पटेनासे झाले.

मात्र त्याच संघाचा पुढच्या वर्षीचा सुपर बोल मला अधिक शिकवून गेला. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला सीहॉक्स २४–१४ असे पुढे होते, आणि तरीही न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सामना २८–२४ असा जिंकला. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने पन्नासपैकी ३७ पास पूर्ण केले आणि त्यांतले बरेचसे छोटे होते. सीहॉक्सच्या धावून जाणाऱ्यांपैकी क्लिफ अ‍ॅव्हरिल दुखापतीने तिसऱ्या सत्रातच बाहेर गेला होता. झोनविषयीचे माझे मत यावरूनच बनले आहे. मागचे सात जण कितीही तरबेज असले, तरी पुढचे चौघे वेळेत पोचले नाहीत तर सांधा उघडतोच, आणि ब्रेडीसारख्याला तेवढे पुरते. झोन फुटला की आपण मागच्यांना दोष देतो; मी हल्ली आधी पुढच्या चौघांकडे पाहतो.

चार जणांनी भागत नसेल तर काय करावे, याचे सर्वांत कल्पक उत्तर बचाव-प्रशिक्षक डिक लेबो यांच्या झोन ब्लिट्झने दिले. धावून येणार असे दिसणारा खेळाडू मागे सरकतो आणि अनपेक्षित जागेवरून दुसराच आत घुसतो. फेब्रुवारी २००९च्या सुपर बोलमध्ये त्यांच्या हाताखालच्या स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन असाच धावून जाण्याऐवजी मागे सरकला आणि स्वतःच्या गोलरेषेवर समोरच्या क्वार्टरबॅकचा, कर्ट वॉर्नरचा, पास पकडून त्याने १०० यार्ड पळत टचडाउन केले. वॉर्नरच्या हिशेबात तिथे कोणी असणारच नव्हते. अर्थात धावून जायला पाच जण पाठवले की मागे सहाच उरतात, आणि डाव ओळखला गेला तर सांधे आणखी रुंद होतात.

आणखी एक कच्चा दुवा प्रक्षेपणात फारसा दिसत नाही. एकाच्या तुकड्यातून रिसीव्हर दुसऱ्याच्या तुकड्यात शिरताना त्याला सोपवायचे असते, आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात हाक ऐकू आली नाही तर दोघेही त्याला सोडून देतात. एकाच बाजूला तीन रिसीव्हर वेगवेगळ्या खोलीवर पाठवणारे डाव नेमका हाच घोटाळा घडवून आणतात. म्हणूनच आता बहुतेक संघ शुद्ध झोन कमी खेळतात. सुरुवात झोनने करायची आणि रिसीव्हर ठराविक खोलीच्या पुढे पळाला, की मॅनसारखे त्याला चिकटायचे, अशी ही मिश्र पद्धत आहे. प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि निक सेबन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंड ब्राउन्समध्ये एकत्र होते, तेव्हा ती बरीच घडली.

माझी निवड विचाराल तर थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, अजून दहा यार्ड हवे असताना मी दर वेळी झोन घेईन, कारण समोरचा छोटा पास घेऊन सात यार्डांवर पाडला गेला तरी चालते. तीनच यार्ड हवे असतील तर झोनने दिलेली ती सवलतच अंगाशी येते, आणि तिथे माणसाला माणूस लावलेला बरा. दोन्ही ठिकाणी चेंडू झेलल्यावर समोरच्याला तिथल्या तिथे पाडता आले पाहिजे. पाडण्यात कच्च्या संघाने झोनच्या वाटेला जाऊच नये.