पर्णहीन झाडाच्या खोडातील प्रकाशसंश्लेषण कसे मोजावे?

शाळेत केलेला पिष्टाचा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. कुंडीतले रोप अंधारात ठेवून पानांतील पिष्ट संपवायचे, एका पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकून रोप उन्हात ठेवायचे आणि नंतर आयोडिन टाकून झाकलेला भाग निळा होत नाही, हे पाहायचे. हाच प्रयोग खोडावर करून पाहावा, असे खान्देशातील विद्यार्थ्याला वाटणे स्वाभाविक आहे. कारण ऐन उन्हाळ्यात सातपुड्यातील कांडोळ हा वृक्ष पर्णहीन असतो आणि त्याची कागदासारखी पातळ साल नखाने किंचित खरवडली की खाली हिरवा थर दिसतो. मात्र खोडात आयोडिनचा निळा रंग आला, तरी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. खोड हे साठवणीचे ठिकाण असल्याने तेथील पिष्ट मागच्या पावसाळ्यात पानांनी तयार करून पाठवलेले असू शकते. (आपल्याकडे सर्वांत जवळ असलेला केळीचा हिरवा खांब तर या प्रयोगासाठी निरुपयोगीच, कारण तो पानांच्या आवरणांचा बनलेला असतो, खोडाचा नव्हे.)

म्हणून पिष्टाऐवजी वायू मोजावा लागतो. खोडाच्या एका भागाभोवती पारदर्शक कक्ष बसवून त्यातून हवा खेळवतात आणि अवरक्त किरणांवर चालणाऱ्या विश्लेषकाने तिच्यातील कार्बन डायऑक्साइड मोजतात. सालीने झाकलेले खोड उजेडातही बहुधा हा वायू बाहेरच सोडते. फक्त अंधारापेक्षा कमी सोडते. हा फरक म्हणजे श्वसनातून निघालेल्या वायूपैकी सालीखालच्या हरितद्रव्याने पुन्हा पकडलेला भाग, असे मानले जाते. त्याला ‘उत्पादन’ म्हणण्यापेक्षा ‘वसुली’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

खरी अडचण या ‘मानले जाते’मध्येच आहे. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे उजेडातले खोड अंधारातल्या खोडापेक्षा थोडे जरी तापले, तरी वसुलीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. आणि जळगावच्या एप्रिलमधील उन्हात ते तापणारच. दोन्ही वेळी सालीचे तापमान सारखे राखल्याशिवाय या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. शिवाय मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड रसात विरघळून वर येतो. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते, तर खोडाच्या आत ते अनेकदा कित्येक टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे कक्षात मोजलेला वायू त्याच जागी तयार झाला, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

क्लोरोफिलची (हरितद्रव्याची) प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषल्यावर त्यातून परत बाहेर पडणारा मंद प्रकाश, मोजणारे यंत्र प्रकाशयंत्रणा कार्यक्षम आहे की नाही, हे झटपट सांगते. झाडाला त्यातून किती कार्बन मिळाला, हे सांगत नाही. त्यासाठी दीर्घकाळ फांदी झाकणे हाच अधिक खात्रीचा मार्ग होय. उत्तर ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या एका जातीच्या फांद्यांचे भाग झाकून आणि लाकडातील कार्बनच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या कार्बन अणूंचे) प्रमाण तपासून संशोधकांनी असा अंदाज काढला की, फांदीच्या लाकडातील सुमारे ११ टक्के वाढ सालीतील प्रकाशसंश्लेषणामुळे होते. असा प्रयोग येथे करायचा तर चकचकीत फॉइलने झाकलेल्या भागाशेजारी तसाच पारदर्शक प्लॅस्टिकने झाकलेला भागही हवा. अन्यथा परिणाम अंधाराचा की गुंडाळण्याचा, हे कळणार नाही.

महागडे यंत्र नसलेल्या महाविद्यालयाने कुंपणावरची शेर ही चिकाची वनस्पती निवडावी. तिची इवलीशी पाने लवकर गळतात आणि पुढचे काम हिरव्या कांड्या करतात. त्या रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, त्यामुळे पहाटे तोडलेल्या कांडीत संध्याकाळच्या कांडीपेक्षा आम्ल जास्त असते. समान वजनाचे तुकडे पाण्यात उकळून, गाळून, त्या अर्काचे सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले, म्हणजे आम्ल उदासीन व्हायला ते किती लागते हे मोजले, की हा फरक मोजता येतो. अर्काच्या हिरवट रंगात फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग नीट दिसत नाही, म्हणून शक्य असल्यास पीएच मीटर वापरावा. शेराचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो. कांड्या कापताना चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या हाती ब्लेड देऊ नये.